काळ्या पट्टीखालच्या पेशी

४ सप्टेंबर

चौकशी काकूंना आज पुन्हा गंडवलं! बेल वाजली तेव्हा गॅसवर बटाटे शिजत होते, रेडिओ चालू, मावशी नुकतीच न्हाऊन केस पुसत होती. मी दाराच्या भोकातून बघितलं — समोरच्याच, हातात रिकामी वाटी. साखर हे निमित्त. खरं काम एकच — मावशीनं अजून लग्न का नाही केलं आणि मी यंदा पण नापास कशी झाले, ते नव्यानं ऐकायचं.

गॅस बंद. रेडिओ बंद. दिवे, पंखा, सगळं बंद! दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिलो. मावशीच्या केसांतलं पाणी टपटप माझ्या पायावर. काकूंनी तीनदा बेल वाजवली, मग दाराला कान लावला असणार, कारण बांगडी लाकडावर घासल्याचा आवाज आला. मग गेल्या. मावशीला हसून हसून ठसका लागला. म्हणते कशी — तुझी आई सांगते कार्टीला वळण लाव, आणि इथे कार्टीच मला वळण लावतेय.

बटाटे कच्चे राहिले. तसेच खाल्ले.

६ सप्टेंबर

आईचा फोन. परत परीक्षेला बसणार की नाही? मी म्हटलं, विचार करते. हे दोन शब्द ऐकले की आईचा पारा चढतो. तू विचार करतेस म्हणूनच तुला तिकडे पाठवलंय, म्हणाली. मग मोबाइलच्या दुकानातली नोकरी कशी घालवली तेही उकरून काढलं. आता मांडून ठेवलेल्या सगळ्या फोनांना मी शेळीचा आवाज लावला, यात एवढं काय? मालकानं नेमके गिऱ्हाइकासमोर सगळे एकदम वाजवले. गिऱ्हाईक हसलं. मालक नाही हसला.

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला — ताई, राहू दे गं तिला, माझ्या पेशींपेक्षा कमी त्रास देते.

हे कौतुक होतं की नाही, ठरवतेय.

९ सप्टेंबर

मावशी चप्पल न काढताच आत आली. म्हणजे बिनसलं. चहा ठेवला, तो उतू गेला. पुसलं, परत ठेवला, परत उतू. मग मी गॅसपाशी गेले आणि ती बोलायला लागली.

तिच्या संस्थेचे मोठे सर. यांना मी थंडोबा म्हणते — बर्फाच्या कपाटात ठेवून रोज सकाळी बाहेर काढत असावेत असा चेहरा. ते म्हणाले, महिनाअखेर. तोवर सिद्ध करा, नाहीतर लॅबची खोली दुसऱ्याला. मावशीनं मग पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर पेशी काढून दाखवायच्या. मायक्रोस्कोप नाही, व्हायरस नाही, खडू!

मी विचारलं, पण सिद्ध काय करायचंय? इतके महिने हिच्या घरात राहतेय, कधी विचारलंच नव्हतं. मावशीनं कपाळाला हात लावला. मग टोपलीतले बटाटे टेबलावर एकमेकांना चिकटवून मांडले. या पेशी. हा मिरीचा दाणा — व्हायरस. याला स्वतःचं काही नाही, ना चूल ना भांडी. हा पेशीत घुसतो आणि तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच सामानातून स्वतःसारखे हजार बनवून घेतो. मग पेशी फुटते. हजार दाणे शेजारच्या दारात.

"म्हणजे चौकशी काकू," मी म्हटलं. "पण हजार."

दोघींच्या अंगावर काटा.

मावशीचं म्हणणं असं, की पहिली पेशी मरायच्या आधी शेजारणींना खबर देते. आणि खबर मिळालेल्या शेजारणी वाचतात. कशा वाचतात ते अजून कुणाला माहीत नाही. थंडोबा म्हणतात, असलं काही नाहीच आहे. एकच वाक्य आहे त्यांचं, गेली कित्येक वर्षं तेच — "तुम्हाला जे दिसायला हवं असतं, तेच तुम्हाला दिसतं."

मी त्यांच्या गाडीला शेळीचा आवाज लावू का, विचारलं. मावशी नको म्हणाली, पण जरा उशिरानं म्हणाली.

११ सप्टेंबर

मावशी परत हसायला लागली. आणि मला — मला! — कामाला लावतेय.

प्रयोग असा. पेशी एका गुलाबी पाण्यात राहतात, तेच त्यांचं खाणंपिणं. आजारी पेशींचं गुलाबी पाणी घ्यायचं, त्यातला व्हायरस मारून टाकायचा, आणि ते पाणी ताज्या, धडधाकट पेशींना घालायचं. म्हणजे व्हायरस नाही, नुसती खबर. दुसऱ्या बाजूला तितक्याच पेशींना निरोगी पेशींचं पाणी घालायचं. सगळं तसंच, फक्त खबर नाही. नुसतं नाटक! याला लॅबमध्ये मॉक म्हणतात. मला आवडलं. अख्खी लॅब मिळून पेशींना गंडवते, आणि याचे पगार मिळतात.

मग सगळ्यांना नवीन हिरवा रंग लावायचा. पेशीचं स्वयंपाकघर जितकं जोरात चालू, तितकी ती हिरवी चमकणार. काचेवर किती पेशी चमकतात ते कुणीतरी मोजायचं. कुठल्या काचेवर खबर आणि कुठल्यावर मॉक ते मोजणाऱ्याला माहीत नको. थंडोबा स्वतःच्या हातानं काचेवरच्या नावावर काळी पट्टी चिकटवणार. मावशीनं काचांकडे बघायचंसुद्धा नाही. आणि त्यांची अट — मोजणारा असा हवा, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

मावशी त्यांना म्हणाली, असा माणूस माझ्या घरीच आहे.

आयुष्यात पहिल्यांदा माझी लायकी कुठेतरी पुरी पडली!

मी विचारलं, तुला काय वाटतं, कुठल्या जास्त चमकतील? मावशी म्हणाली, ते सांगितलं की तू बाद.

१२ सप्टेंबर

थंडोबांनी मुलाखत घेतली. खोली गार, खुर्ची गार, माणूस गार. एकच प्रश्न. पेशीचे भाग सांगा.

"पुढचा आणि मागचा," मी सांगितलं.

दारात मावशीचा हाताखालचा संशोधक पोरगा उभा होता. हा दिवसभर शिट्टी वाजवत काम करतो म्हणून शिट्टी. त्याची शिट्टी मध्येच तुटली. थंडोबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मावशीला म्हणाले, उत्तम, यांना घ्या.

यांना! मला कुणी अहो-जाहो केल्याची ही पहिलीच वेळ.

१३ सप्टेंबर

आई शप्पथ!! काय दिसतं ते!

बारकी खोली, खिडकी काळ्या कापडानं बंद, मध्ये मायक्रोस्कोप. मी डोळा लावला, आधी नुसत्या माझ्याच पापण्या. शिट्टी म्हणाला, डोळा जरा लांब धर, आणि बाजूची चकती हळू फिरव. फिरवली. आणि एकदम — अंधारात उंच इमारतीच्या खिडक्या उजळाव्यात तशा पेशी! हिरव्या! कुणी लांबट, कुणी पसरट, एकमेकींच्या हातात हात घातल्यासारख्या. प्रत्येकीच्या मध्ये एक काळा गोळा आणि भोवती सगळा उजेड. मी काहीतरी ओरडले असणार, कारण बाजूच्या खोलीतून कुणीतरी विचारलं काय फुटलं.

या सगळ्या मेलेल्या आहेत, काचेवर पक्क्या बसवलेल्या. जिवंत व्हायरस आत, दोन दारांच्या पलीकडे. तिथे मावशी जाते, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. नाकाला खाज आली तरी खाजवायचं नाही. मला तर नुसतं ऐकूनच खाज सुटली.

हातात एक टिकटिक यंत्र दिलंय. चमकणारी पेशी दिसली की अंगठा. टिक. काही काचा भडक आहेत, जवळजवळ सगळ्या खिडक्या चालू. काही विझल्यासारख्या, जणू त्या गल्लीची लाइट गेलीय. कुठल्या कोण, देव जाणे. आणि थंडोबा जाणे.

अंगठा सुजलाय. उद्या परत जायचंय! सकाळी लवकर!

१५ सप्टेंबर

सुट्टी. करमेना. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या नावांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, वर आकडे टाकले. मावशी उठली, बघितलं. पाच नंबर उघडला, चमचाभर चहात टाकला, घोट घेतला. तोंड तसंच ठेवून म्हणाली, पाच नंबर मीठ. मग माझ्या कपात पण टाकलं. "एकदा बघून भागत नाही. दुसऱ्यानं पण तपासायचं असतं."

प्यावा लागला!

१८ सप्टेंबर

आज मावशी इस्त्री करता करता बोलत सुटली. मी सगळं लिहून ठेवतेय, कारण ती परत असं बोलेल याची खात्री नाही.

लहानपणी तिला मोठा ताप आला होता, अंथरुणातून उठायचं नाही. तेव्हा आजोबांचं बारीक अक्षर वाचायचं भिंग घेऊन ती स्वतःची थुंकी बघायची, ताप कुठे आहे ते शोधायला. काही दिसलं नाही. त्याचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही म्हणते. कॉलेजात हवा तो विषय मिळाला नाही. पण मायक्रोस्कोपची खोली तेवढी थंडीत उबदार असायची म्हणून तिथे जाऊन बसायची. बसून बसून बघायला लागली. एकदा स्वतःच्या गालाच्या आतलं खरवडून काचेवर लावलं आणि मास्तरांना सांगितलं, आजारी माकडाचं आहे. मास्तर वर्गासमोर तासभर त्या माकडाच्या आजारावर बोलले.

म्हणजे हे माझ्यात कुठून आलं ते कळलं! आई उगाच बाबांच्या घराण्याला बोल लावते.

मग दुसऱ्यांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं पेशींना पाणी घालणं. पेशींना सुट्टी नसते, रोज खायला लागतं. आईच्या लग्नात मावशी अक्षता टाकून तशीच लॅबमध्ये पळाली, जेवलीसुद्धा नाही. आई अजून ऐकवते — माझ्या लग्नात पेशी जेवल्या, बहीण उपाशी.

आणि मग ती एक बशी, पेशी वाढवतात ती काचेची. व्हायरस घातलेला, सगळ्या पेशी मरायला हव्या होत्या. मावशीनं बघितलं तर मेलेल्यांच्या घोळक्याभोवती जिवंत पेशींचं कडं. जाडसर, स्पष्ट. सगळे म्हणाले बशी नीट धुतली नसेल. तिनं परत केलं. परत कडं. कुणी म्हणालं योगायोग, कुणी म्हणालं नजर थकली. थंडोबा तेव्हा थंडोबा नव्हते, तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. तेव्हाही तेच वाक्य.

"आणि तुला स्वतःला कधी वाटलं नाही, की त्यांचं बरोबर असेल?" मी विचारलं.

इस्त्री थांबली. "रोज वाटतं. म्हणून तर तुला बसवलंय."

माझी मान एकदम ताठ झाली. आणि ओढणीचं टोक जळलं, माझ्याच.

२० सप्टेंबर

लॅबमध्ये नळ्या गरगर फिरवायचं एक यंत्र आहे, झाकणाचं, कपडे धुवायच्या मशीनसारखं. त्यावर मी चिठ्ठी लावली — आत आजी झोपली आहे, हळू फिरवा. शिट्टीनं वाचली नाही, बटण दाबलं, मग वाचली, आणि एक क्षण त्याचा चेहरा असा झाला!! तिथल्या तिथे बसले मी हसत.

मग तो पण हसला, आणि आम्ही चहा प्यायलो. मी उगाच म्हटलं, तुला तरी कुठे माहितीय मॅडमना काय हवंय ते. तो फुगला. म्हणे, मला नाही माहीत? खबर मिळालेल्या पेशी हत्यारं बनवायला घेणार, स्वयंपाकघर धडाक्यात, म्हणजे त्या भडक हिरव्या. मॉकवाल्या साध्या, मंद. एवढं सरळ आहे.

सरळच आहे.

आणि मग आम्हा दोघांना एकदम कळलं, तो काय बोलून गेला ते. त्यानं तोंडावर हात ठेवला. सांगू नकोस हं कुणाला, म्हणाला.

हे मी काय केलं?

२१ सप्टेंबर

आज पण मोजायला बसले. भडक काच आली आणि मनात एकदम — ही आपली! ही मावशीची! भडक काच आली की अंगठा आपोआप जास्त पडतो. एक पेशी धड चमकत नव्हती, अर्धीमुर्धी. काल सोडली असती. आज टिक. मंद काच आली की अशीच अर्धीमुर्धी दिसते, आणि अंगठा हलतच नाही.

मी ठरवून नाही केलं. अंगठ्यानं केलं. पण अंगठा माझाच ना.

थंडोबांचं वाक्य दिवसभर डोक्यात. जे दिसायला हवं असतं —

घरी मावशीनं विचारलं, आज गप्प का? म्हटलं, अंगठा दुखतोय.

२२ सप्टेंबर

सांगून टाकलं.

नसतं सांगितलं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. शिट्टी तर बोललाच नसता. आकडे मावशीच्या बाजूचे आले असते आणि खोली राहिली असती. सकाळपासून हेच घोळवत होते. आजवर एवढ्या जणांना गंडवलं, कधी असं टोचलं नाही. पण हा असला गंडवण्याचा प्रकार आहे की त्यात नंतर हसायला कुणी नाही.

मावशी भांडी घासत होती. मी पाठीमागून एका दमात सगळं बोलले. आजीची चिठ्ठी, चहा, शिट्टी, अंगठा. तिनं नळ बंद केला. मला वाटलं आता बॅग भरायला सांगणार.

"कुठल्या काचेपासून?"

"कालच्या पहिल्यापासून. पण आधीच्या पण आता मला आठवतात, भडक कुठल्या ते."

"म्हणजे सगळ्याच गेल्या."

हात पुसले आणि थंडोबांना फोन लावला. माझ्यासमोर. मोजणी बाद धरा, म्हणाली, मोजणाऱ्या व्यक्तीला अपेक्षा कळलेली आहे. कशी कळली ते सांगितलं नाही. तिकडून ते काय म्हणाले ऐकू आलं नाही, पण मावशी फक्त हो, हो म्हणत होती.

मी रडत होते. ती बाजूला येऊन बसली. तुला आवडायला लागलंय हे बघायला, म्हणाली. त्याचंच हे झालंय. जो नुसता मोजतो त्याचा अंगठा असा वागत नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ सप्टेंबर

थंडोबांचा निरोप नाही. शिट्टी शिट्टी वाजवत नाहीये.

२५ सप्टेंबर

निरोप आला! खोली अजून गेलेली नाही!

थंडोबा मावशीला म्हणाले, मोजणं नकोच, मोजण्यात थोडं इकडचं तिकडे करता येतं. नवीन काचा करा, चाळीस. पट्ट्या मीच लावणार, क्रम मीच फिरवणार. आणि त्याच मुलीला बसवा. तिनं मोजायचं नाही. दोन ताटं — एकात खबर, दुसऱ्यात मॉक. अंगठ्याला जागाच नाही, एक तर या ताटात नाहीतर त्या. तिला खरंच काही दिसत असेल तर काचा बरोबर ताटात पडतील. नसेल तर निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, नाणं उडवल्यासारख्या. मग खोलीचा विषय संपला.

मावशी म्हणाली, कबूल.

मी म्हटलं मला नको बसवूस, दुसरं कुणीही बघ. ती म्हणाली, बाकी सगळ्यांना फक्त माहीत आहे. तू बघितलंयस.

पण मला येतंय! भडक म्हणजे खबर, मंद म्हणजे मॉक. लांबून ओळखीन मी. डोळे मिटले तरी हिरवंच दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा अशी परीक्षा, जिचं उत्तर मला आधीच येतंय!!

२७ सप्टेंबर

उद्या. मावशीनं मीठ-साखरेच्या पट्ट्या काढून टाकल्या. म्हणाली, एका वेळी एकच प्रयोग.

२८ सप्टेंबर

संपलं.

काचा इतक्या स्पष्ट होत्या! एकेक घेतली, डोळा लावला, पटापट. भडक — खबरीच्या ताटात. विझलेली — मॉकच्या ताटात. एकदासुद्धा अडले नाही. बाहेर आले तेव्हा मी गाणं गुणगुणत होते. मावशी भिंतीला टेकून उभी होती. मी अंगठा वर करून दाखवला तिला. मूर्ख.

थंडोबा टेबलाशी बसले आणि नखानं पट्ट्या सोलायला लागले. पहिली काच माझ्या खबरीच्या ताटातली. पट्टी निघाली. खाली पेन्सिलनं — मॉक. ते फक्त म्हणाले, चूक. दुसरी. चूक. तिसरी. मला वाटलं सुरुवात वाईट झाली, होतं असं. मग त्यांनी दुसऱ्या ताटातली उचलली, मी मॉकमध्ये टाकलेली. पट्टीखाली — खबर. चूक. शिट्टी खिडकीबाहेर बघायला लागला. चूक. चूक. त्यांचा आवाज चढत नाही, उतरत नाही, बर्फाचे खडे पडावेत तसा. मावशी टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून पुढे वाकली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

अकरावी काच. चूक. मी उठले आणि पळाले. जिना, फाटक, रस्ता, मिळाली ती बस. फोन बंद केला.

परीक्षेत निदान निम्मं तरी बरोबर यायचं माझं. इथे एवढं डोळ्यांनी बघून, एवढं आवडून — एकही नाही. मावशीची खोली माझ्या हातानं गेली. कॉलेजची पोरं आता फळ्यावर पेशी बघणार, आणि थंडोबा त्यांचं ते वाक्य म्हणणार, आणि या वेळी ते खरं असणार. मला जे दिसायला हवं होतं तेच मला दिसलं.

बॅग भरली. आईला कळवायचंय, पण फोन चालू केला तर मावशीचे निरोप दिसतील.

बेल वाजतेय. आतून कडी लावलीय मी. चहा ठेवला होता, तो गॅस बंद केला. दिवा बंद. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेय, खिडकीतून येणाऱ्या उजेडात लिहितेय. घरात कुणी नाही.

परत बेल.

२८ सप्टेंबर, पुन्हा

मावशी बाहेरून बोलत राहिली. चौकशी काकू ऐकत असणार, तिला फिकीर नव्हती. "चाळीसच्या चाळीस चुकल्या, ऐकतेयस ना? काही दिसलं नसतं तर निम्म्या बरोबर आल्या असत्या. सगळ्याच्या सगळ्या चुकायला फरक स्पष्ट दिसावा लागतो."

मी वही बाजूला ठेवली.

थंडोबांनी म्हणे शेवटची पट्टी निघाल्यावर सगळ्या काचा परत एकदा तपासल्या. मग म्हणाले, हे तर तुमच्यापैकी कुणालाच दिसायला हवं नव्हतं. आणि खोलीची किल्ली मावशीकडे सरकवली.

"उलटं होतं गं सगळं. खबर मिळालेल्या हत्यारं बनवत नाहीत, त्या विझतात. का विझतात, सांग बघू. काकूंनी बेल वाजवली की आपण काय करतो?"

अंधारात माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"गॅस बंद."

दाराबाहेर मावशी हसायला लागली, ठसका लागेपर्यंत. मी दिवा लावला. गॅस पेटवला. कडी काढली.